बोलणी खाणारी सिस्टर

आमच्या सिस्टरना कुणी रागावलं की त्यांचा चेहरा खुलायचा. आपण तावातावाने बोलावं, कपाळाला हात मारून घ्यावा, 'काय करू गो तुझं' म्हणावं, आणि समोर ही बाई डोळे मोठे करून, मान पुढे काढून एकेक शब्द झेलत बसलेली. राग टिकणार तरी कसा? मी लग्न होऊन निडीत आले त्याला बावीस वर्षं झाली. माझ्या तोंडाला घाबरत नाही असं माणूस गावात सापडायचं नाही. नवरा घाबरतो, दूधवाला घाबरतो, शेजारचा कुत्रासुद्धा माझा आवाज ऐकून वाट बदलतो. एकटी ही बाई माझ्या बोलण्यासाठी हपापलेली असायची. अजूनही तिचा फोन आला की 'कशी आहेस' नाही, 'बरी आहेस' नाही. पहिलं वाक्य ठरलेलं, "काय गो, दोन महिने फोन नाय केला मी. रागाव की!"

त्या आमच्याकडे आल्या त्या आमच्या ह्यांच्यामुळे. हे रोह्याला कंपनीत फिटर आहेत. रोह्याच्या पुढे डोंगरात मिशनचं मुलींचं वसतिगृह आहे, तिथला पंप बिघडला की सुट्टीच्या दिवशी यांना बोलावणं येतं. तिथे यांना पेणच्या मदर भेटल्या. मदर म्हणजे या सगळ्या सिस्टरांच्या वरच्या. त्या म्हणाल्या, "बोलिव्हियाहून एक सिस्टर आल्या आहेत. इथल्या मुलींना मराठीशिवाय काही येत नाही आणि त्यांना स्पॅनिशशिवाय. मुंबईच्या मराठीच्या वर्गात दोनदा नापास झाल्या. आता एखाद्या कुटुंबात ठेवून बघायचं, एवढाच उपाय उरलाय." झालं! आमच्या ह्यांनी पंपाचा नट आवळता आवळता हो म्हणून टाकलं. मला घरी येऊन सांगितलं ते पायातले बूट न काढताच, म्हणजे पळायला बरं. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मुलगा पुण्याला शिकायला गेला होता, त्याची खोली रिकामी होती, त्यामुळे नाही म्हणायला जागाच राहिली नाही.

दसरा झाल्यावर त्या आल्या. आमच्या आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, गोरी मडम येणार म्हणून आळीभर सांगून ठेवलं होतं. जीपमधून उतरल्या त्या ठेंगण्या, गव्हाळ, पन्नाशी उलटलेल्या बाई. राखाडी झगा, पायात कॅनव्हासचे बूट, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात छत्री. डोक्यावरचा रुमाल काढून नऊवारी नेसवली असती तर नागोठण्याच्या बाजारात कुणी भाजीचा भाव विचारला असता. आत्यांचं तोंड एवढंसं झालं. "ही कसली गो परदेशी? ही तर आपल्या तळ्याकडच्या मंजीवानी दिसते," असं त्या मला दाराआडून म्हणाल्या. कुणीतरी कुजबुजलंही, की मिशनची माणसं घरात घेऊ नका, तुमचे देव बदलतील. आमच्या आत्यांनी गेल्या चाळीस वर्षांत मिसळणाचा डबासुद्धा बदलू दिलेला नाही, त्यामुळे मला ती काळजी नव्हती.

नाव सिस्टर इनेस, पण ते कुणी घेतलं नाही. आम्ही सिस्टर म्हणायचो, आत्या 'शिष्टर'. बाहेरचं माणूस दिसलं की आमच्याकडे लोकांना हिंदी सुचतं. त्यामुळे शिकायचं होतं मराठी, आणि आळीतला जो तो येऊन विचारायचा, "क्या सिस्टर, खाना हुआ?" सिस्टर हसून मान हलवायच्या. आमचे हे कंपनीतलं इंग्रजी बोलायचे. त्यात 'नो प्रॉब्लेम' आणि 'सेफ्टी फर्स्ट' याच्या पुढे काही नव्हतं.

सिस्टरना मराठीतला पहिला शब्द आला तो 'पुरे'. गरजच तशी होती. आत्या वाढायला बसल्या की समोरच्याचं पोट भरलंय यावर त्यांचा विश्वास नसतो. सिस्टर म्हणाल्या, "पुरे." आत्यांनी भात वाढला. सिस्टर म्हणाल्या, "नको, पुरे." आत्यांनी वर आमटी ओतली. तिसऱ्या दिवशी सिस्टरनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले, तर आत्यांनी बोटांच्या फटीतून भात सोडला. पाहुण्याने पुरे म्हणायचं असतं आणि आपण वाढायचं असतं, ही आमच्याकडची रीत. ती त्या बिचारीला कोण समजावणार? पंधरवड्यात तिने 'पोट भरलं', 'खरंच नको' आणि 'उद्या खाईन' एवढी प्रगती केली.

त्यापलीकडे प्रगती होईना. कारण पाहुणीला आम्ही कशाला हात म्हणून लावू देत नव्हतो. सिस्टर झाडू घ्यायला गेल्या की आत्या ओरडायच्या, "अगो शिष्टरना बसव!" भांड्यांकडे वळल्या की मी त्यांना ओटीवरच्या खुर्चीत नेऊन बसवायची आणि हातात चहाचा कप द्यायची. घरात सकाळपासून माझी आणि आत्यांची जुगलबंदी चाललेली असते. मीठ कुठे ठेवलं, गॅस कुणी चालू ठेवला, मोरीत पाणी का तुंबलं. ते सगळं त्यांना आतून ऐकू यायचं, पण आम्ही त्यांच्यासमोर आलो की तोंडावर साखर. "चहा घेणार? बिस्कीट देऊ? पंखा लावू?" तीन महिने बाई खुर्चीत बसून राहिल्या.

नाताळ झाल्यावर मदर पेणहून बघायला आल्या. मदर मोठ्या कडक. चष्मा, वही, शुद्ध मराठी. त्यांनी विचारलं, "काय सिस्टर, इथे कसं वाटतंय?"

सिस्टर ताठ बसून म्हणाल्या, "पोट भरलं."

"बरं. दिवसभर काय करता?"

"नको. खरंच नको. उद्या खाईन."

आमचे हे फस्सकन हसले. मदर हसल्या नाहीत. जाताना त्यांनी मला अंगणात बाजूला घेतलं. म्हणाल्या, "बाई, तीस वर्षं या तिकडे कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. दर वर्षी अर्ज करायच्या, मला मुलींमध्ये काम करायला पाठवा. आत्ता कुठे पाठवलं. ज्या सिस्टरला मुलींशी बोलता येत नाही तिला मी वसतिगृहावर कशी ठेवू? होळीपर्यंत बघते. नाहीतर परत बोलिव्हिया. आणि या वयात दुसऱ्यांदा कोण पाठवणार त्यांना?" मी आत आले तर सिस्टर खुर्चीतून उठलेल्या. अंगणातला होळी हा शब्द त्यांच्या कानावर पडला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून त्या आमच्या ह्यांना बोटाने विचारत होत्या, कुठे आहे, कुठे आहे. मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला, स्वतःचाच. तीन महिने आम्ही नुसती वाढपं केली होती.

मग मी पहिलीचं पुस्तक आणलं. 'हे घर आहे. ही गाय आहे.' सिस्टर म्हणायच्या, 'हे घर आहे, ही गाय आहे.' पुस्तक मिटलं की घर आणि गाय दोन्ही गायब. मीही गोडगोड बोलून दमले. मला ती सवयच नाही.

आणि मग ती वालांची भानगड झाली. आमच्या नणंदेचे यजमान पेणहून जेवायला यायचे होते. जावई यायचे म्हणजे आमच्याकडे वालाचं बिरडं हवंच. वाल एक दिवस भिजवायचे, मग फडक्यात घट्ट बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. तीन दिवसांचं काम. मोड आलेल्या वालांना एक उग्र वास येतो, फडकं जरा चिकटही होतं. आमचा जीव त्या वासावर आहे. मी नारळ आणायला गेले, आत्या देवपूजेला बसल्या, आणि सिस्टर स्वयंपाकघरात शिरल्या. त्यांना काय वाटलं असेल? गाठोडं नासलंय, वास मारतंय, घरच्यांचं लक्ष नाही, आता तरी आपण यांच्या उपयोगी पडू. त्यांनी गाठोडं उचललं, मागच्या दारी नेलं आणि शेजारच्या कुंदाच्या शेळ्यांपुढे सोडलं.

मी नारळ घेऊन परत आले तर दीड किलो वाल शेळ्यांच्या पोटात आणि सिस्टर फडकं धुऊन वाळत घालतायत. हसऱ्या चेहऱ्याने! माझं टाळकंच फिरलं. पाहुणी, परदेशी, सिस्टर, सगळं विसरले मी. "अगो बाय माझे, डोळे फुटले काय तुझे? तीन दिवस तान्ह्या पोरासारखं जपलं गो मी त्यांना! विचारायला तोंड नाय तुला? एवढी मोठी घोडी झालीस, चांगलं काय आणि नासकं काय कळत नाय? ती शेळी बघ कशी दात काढते! आता जावयाच्या पानात काय वाढू, तुझं फडकं?" नारळ हातातच होता. तो मी मारला नाही एवढंच.

मी दम घ्यायला थांबले. आत्या हातात घंटी घेऊन दारात येऊन उभ्या. "अगो सुने," त्या हळूच म्हणाल्या, "पाहुणीला बोललीस गो तू." झालं! आता ही रडणार, मदरना फोन जाणार, आमचे हे तोंड दाखवू शकणार नाहीत.

सिस्टर रडल्या नाहीत. त्यांनी झग्याच्या खिशातून छोटी वही काढली, पेन्सिल काढली, माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "परत बोला. हळू."

"काय?"

"हे. सगळं. शेळी. डोळे. हळू बोला." आणि मग एकेक शब्द शोधत म्हणाल्या, "तुम्ही, आत्या, खूप बोलता. मला फक्त वाढता. आज मला बोललात."

हळू रागावता येतं का कुणाला? पण त्या दिवशी मी रागावले. कुंदाच्या गोठ्यासमोर उभी राहून, 'डोळे... फुटले... काय... तुझे', असं थांबत थांबत, आणि सिस्टर लिहून घेतायत. फुटले म्हणजे काय, हे मी हातातला नारळ दगडावर आपटून दाखवलं. आत्या तर हसून हसून पायरीवर बसल्या. जावयांना त्या दिवशी बटाट्याची भाजी मिळाली. सिस्टरनी केली, आणि ती इतकी झक्क झाली की जावयांनी बिरड्याची चौकशीही केली नाही.

इथून पुढे मी त्यांना 'ती'च म्हणणार. त्या दिवसापासून घरात कुणी तिला 'अहो' म्हटलंच नाही. खुर्ची माळ्यावर गेली. ती पाटावर बसायला लागली, झाडू मारायला लागली, आणि चुकायला लागली. चुकली की बोलणी. भांडी उलटी का नाय घातली? केर बाहेर काढून उंबऱ्यातच का ठेवला? शेजारणींनाही मी सांगून टाकलं, हिला मराठी यायला हवंय, हयगय करू नका. मग काय विचारता! आमच्या आळीतल्या बायकांना असं काम कुणी आयुष्यात दिलं नव्हतं. कुंदा तर मुद्दाम शेळी सोडून द्यायची आणि ओरडायची, "अगो सिस्टर, माझी शेळी कुठं घालवलीस?" पंधरा दिवसांत सिस्टर उलटून बोलायला लागली, "मी नाय घालवली! तुझी शेळी, तू बांध!" ज्या दिवशी तिने आत्यांना पहिल्यांदा उलट उत्तर दिलं, त्या दिवशी आत्यांनी डोळ्यांना पदर लावला. मला उलट उत्तर दिल्यावर मात्र त्या कधी अशा हळव्या झाल्या नाहीत, हे आपलं सांगून ठेवते.

दुपारी आम्ही तिघी ओटीवर वाल सोलायला बसायचो. आमच्याइतकाच हात चालायचा तिचा, तीस वर्षं बटाटे सोललेले ना. आधी ती सोललेले दाणे स्पॅनिशमध्ये मोजायची, उनो, दोस, त्रेस. आत्यांनी ते दहापर्यंत उचललं. सोलताना ती आपल्या घरचं सांगायची. ती अकरा भावंडांतली सातवी. तिची आई सगळ्यांना ओळीने उभं करून रागवायची, आणि पाहुणा आला की गप्प. "म्हणून इथं मला भीती वाटायची," ती एकदा म्हणाली. "तुम्ही गोड बोलायचे. मी म्हणायची, यांना मी नको आहे." मी म्हटलं, "वेडी कुठली. गोड बोलायला आम्हाला काय कष्ट पडत होते, तुला काय ठाऊक!" त्यावर ती इतकी हसली की परात कलंडली, आणि मग तिला त्याचीही बोलणी बसली.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आळीतल्या बायका घरी जमल्या. सिस्टर वाण द्यायला मदत करत होती. तेवढ्यात कुणाला तरी तिच्या बोटातली चांदीची अंगठी दिसली. "लगीन झालंय काय गो तुझं?" सिस्टर म्हणाली, सिस्टर होताना ही अंगठी घातली, आता येशू हाच तिचा धनी. बायकांमध्ये कुजबुज झाली. आता हिला कुंकू लावायचं का नाही? आमच्या आत्या आतल्या दारात बसल्या होत्या. त्यांनी तिथूनच निकाल दिला. "नवरा हाय ना? मग झालं. दिसत नाय म्हणता? आमचं म्हातारं तरी कुठं घरात दिसायचं? जन्मभर कबड्डीच्या मागं." मग बायकांनी तिला घेरलं. नवरा आहे तर नाव घे, त्याशिवाय वाण नाही! सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड फिरवलं. बाईने घसा साफ केला, हात जोडले आणि म्हणाली,

"बिरड्याला लागतं नारळाचं वाटण,
येशूचं नाव घेते, आत्या, बंद करा वाढण!"

घर डोक्यावर घेतलं बायकांनी. रात्री जेवताना आत्यांनी तिला भात दुप्पट वाढला.

होळीची राख थंड झाली आणि मदरची जीप दारात उभी राहिली. आत्यांनी सकाळीच देवापुढे नारळ ठेवला होता, आणि सिस्टरच्या खोलीत तिच्या देवाच्या तसबिरीपुढेही एक. मदर वही घेऊन ओटीवर चढल्या, तशी आतून सिस्टर कडाडली, "अगो मदर, चपला कुठं घेऊन चाललात? आत्ताच लादी पुसली ना मी!"

मदर जागच्या जागी थांबल्या. गुपचूप मागे फिरल्या, पायरीखाली चपला काढून आल्या. आमचे हे तर दारामागे लपले.

मदर पाटावर बसल्या आणि प्रश्न विचारायला लागल्या. "एखादी मुलगी जेवत नसेल तर काय म्हणाल?"

"म्हणीन, नखरे करू नको, ताट उचल, ये माझ्या बाजूला बस."

"अभ्यास करत नसेल तर?"

"म्हणीन, मी दोनदा नापास झाले. तू एकदा तरी हो, मग बोलू."

मदरच्या तोंडाचा कोपरा हलला. "आणि नवीन आलेली एखादी रडत असेल, घरी जायचं म्हणत असेल?"

सिस्टर म्हणाली, "तिला वाल सोलायला बसवीन. गोड बोलणार नाय. हात चालले की ती स्वतः सांगेल, काय झालं."

मदरनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, तुम्ही कमाल केलीत. परीक्षा झाली. मुली वाट बघतायत, आजच घेऊन जाते यांना. सामान बांधा."

आजच? मला काय झालं कळलं नाही. ज्या बाईला घरात घेतलं म्हणून मी नवऱ्याला उभंआडवं झोडलं होतं, तिची पिशवी आता भरायची म्हटल्यावर माझं पित्तच खवळलं. "कसली कमाल? कसली परीक्षा?" मी उसळून म्हणाले. "हिला काय येतंय अजून? आमटीत मीठ घालते ते दोनदा. गेलेलं आणि येणारं एकत्र करून बोलते. काल म्हणाली, मी उद्या गेले! पोरी हसतील हिला. कच्चं आहे मराठी हिचं, अगदी कच्चं. घेऊन जाल आणि आमचं नाव खराब कराल. दोन महिने राहू दे अजून. पावसापर्यंत राहू दे. नायतर मी सांगते तुम्हाला, मी जबाबदार नाय!"

आत्या पदराचं टोक दातात धरून उभ्या होत्या. मदरनी माझ्याकडे बघितलं, मग सिस्टरकडे, आणि मिटलेली वही परत उघडली.

"शेवटचा प्रश्न," मदर म्हणाल्या. "बाई आत्ता काय बोलल्या, ते मला सांगा."

सिस्टर माझ्याकडे बघत होती. डोळे मोठे, मान पुढे. पण या वेळी तिने वही काढली नाही.

"ती म्हणते," सिस्टर म्हणाली, "हिला नेऊ नका. मला करमणार नाय."

"असं कुठे म्हणाल्या त्या?"

"म्हणाली नाय," सिस्टर म्हणाली. "पण तेच बोलली."

माझ्या डोळ्यांना धार लागली. मदरनी वहीत काहीतरी लिहिलं, पायरीवर जाऊन जीपवाल्याला सांगितलं की गाडी बंद कर, निघायला उशीर होईल, आणि परत आत येऊन पाटावर बसल्या.